कर्ज बुडालं तर तोटा कुणाचा? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

महासाथीनंतर गरीब देशांची कर्जं कमी करावीत, या माझ्या लेखावर तुम्ही रोखठोक लिहिलंत. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: कर्ज घ्या म्हणून कुणी बळजबरी केली नव्हती, मग फेडायची वेळ आली की रड कशाला? महासाथ सगळ्यांवरच आली होती. या देशांची कर्जं एकदा माफ करून झाली आहेत आणि तरी ते पुन्हा तिथेच आले. माफीचा पैसा पुढाऱ्यांच्या घशात जातो. जे देश पोटाला चिमटा काढून हप्ते भरतात त्यांच्यावर हा अन्याय आहे. आणि हे सगळं शेवटी श्रीमंत देशांतल्या करदात्याच्या माथी.

पहिला मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. आफ्रिकेतल्या, तांब्याच्या निर्यातीवर चालणाऱ्या झांबियाचं उदाहरण घेऊ. या देशाने २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये डॉलरमधले रोखे विकून तीन अब्ज डॉलर उभे केले. पहिल्या वेळी व्याज साडेपाच टक्क्यांच्या आत होतं, दुसऱ्या वेळी साडेआठ, तिसऱ्या वेळी जवळपास नऊ. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारला दहा वर्षांच्या कर्जासाठी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास व्याज द्यावं लागत होतं. मग झांबियाकडून घेतलेले वरचे साडेसहा टक्के कशाचे? पैसे बुडण्याच्या जोखमीचे. तांब्याचे भाव पडले की हा देश अडचणीत येतो, हे रोखे घेणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्या जोखमीची किंमत लावली आणि दर सहामाहीला ती वसूलही केली. जोखमीचा मोबदला आधी खिशात घालायचा आणि जोखीम खरी ठरली की पूर्ण मुद्दल मागायचं, हे मला दयेच्या नव्हे, व्यवहाराच्याच नियमाने मान्य नाही. कर्ज हा दोघांनी केलेला निर्णय असतो. तो चुकला तर तोटाही दोघांनी सोसायला हवा.

नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला. त्याआधी सरकारने रोखेधारकांकडे सहा महिन्यांची सवलत मागितली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. पुढे काय झालं ते पाहा. २०२१ च्या सुरुवातीला झांबियाने जी-२० देशांच्या ‘कॉमन फ्रेमवर्क’कडे, म्हणजे गरीब देशांच्या कर्जांची सगळ्या धनकोंनी मिळून फेररचना करण्याच्या व्यवस्थेकडे, अर्ज केला. चीनसह इतर सरकारांशी ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जाबद्दल समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. रोखेधारकांशी झालेला पहिला करार सरकारी धनकोंनी अमान्य केला, कारण त्यात खासगी धनकोंनी पुरेसं सोडलेलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी रोख्यांचा प्रश्न जून २०२४ मध्ये मिटला. हप्ता चुकल्यापासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ! एवढा काळ देश अधांतरी, नवी गुंतवणूक खोळंबलेली, चलन घसरलेलं. चाड, इथिओपिया आणि घाना यांचीही थोड्याफार फरकाने हीच कथा. माझा खरा राग या दिरंगाईवर आहे. जे कर्ज पूर्ण फिटणार नाही हे सगळ्यांना दिसतं, त्यावर वर्षानुवर्षं घासाघीस चालते. त्या काळात भरती न झालेल्या परिचारिका आणि शाळेतून गळालेली मुलं मात्र कुणाच्याच हिशेबात धरली जात नाहीत.

‘महासाथ सगळ्यांवरच आली’ हे खरं, पण ती पेलण्याची साधनं सगळ्यांकडे नव्हती. श्रीमंत देशांनी स्वतःच्या चलनात, जवळपास शून्य व्याजाने हवं तेवढं कर्ज काढलं आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकांनी ते रोखे विकत घेतले. गरीब देशाला औषधं, इंधन आणि जुने हप्ते या तिन्हींसाठी डॉलर लागतात आणि डॉलर त्याला छापता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑगस्ट २०२१ मध्ये ६५० अब्ज डॉलरच्या किमतीचे विशेष आहरण अधिकार, म्हणजे डॉलरसारख्या चलनात बदलून घेता येणारी गंगाजळी, वाटले. इतिहासातलं सगळ्यात मोठं वाटप. पण वाटणी प्रत्येक देशाच्या निधीतल्या कोट्यानुसार होते आणि मोठ्या अर्थव्यवस्थांचा कोटा मोठा असतो. त्यामुळे सगळ्यात गरीब देशांच्या गटाला मिळून जेमतेम २१ अब्ज मिळाले.

दुसरा उपाय होता हप्ते थांबवण्याचा. जी-२० ने मे २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत ७३ देशांना ही मुभा देऊ केली. ४८ देशांनी ती घेतली आणि सुमारे १२.९ अब्ज डॉलरचे हप्ते पुढे गेले. पुढे गेले, रद्द झाले नाहीत. तेही वर व्याज धरून. खासगी धनकोंनाही सामील होण्याचं आवाहन केलं होतं. आला फक्त एक. जागतिक बँकेनेही स्वतःचे हप्ते थांबवले नाहीत, नवी मदत वाढवतो असं तिचं म्हणणं होतं. त्यात काही तथ्य आहे हे मी मान्य करतो. रोखेधारकांना मात्र तेवढीही सबब नव्हती. सरकारांनी सोडलेल्या पैशातून त्यांचे हप्ते वेळेवर चुकते होत राहिले. अनेक देश तर अर्ज करायलाच बिचकले, कारण सवलत मागितली की पतमानांकन घसरेल ही भीती होती. मूडीज या मानांकन संस्थेने इथिओपिया, कॅमेरूनसारख्या अर्जदार देशांचं मानांकन लगेच तपासणीखाली ठेवलं, तेव्हा ती भीती अनाठायी नव्हती हेही दिसलं.

मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर शून्याजवळून वर न्यायला सुरुवात केली. जुलै २०२३ पर्यंत तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला आणि डॉलरमधलं कर्ज महागलं. ढकललेले हप्ते नेमके याच वर्षांत परत करायचे होते. यात झांबिया किंवा मलावीच्या अर्थमंत्र्याची कोणती बेफिकिरी होती, ते तुम्हीच सांगा.

आता ‘एकदा माफ केलं, पुन्हा तिथेच’ याविषयी. हा आक्षेप टाळून चालणार नाही. १९९६ ची कर्जबाजारी गरीब देशांसाठीची योजना आणि २००५ ची त्यापुढची सूट मिळून शंभर अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उतरलं. ‘कॉमन फ्रेमवर्क’कडे आलेले चारही देश त्या जुन्या योजनेचे लाभार्थी आहेत. पण त्या माफीतून काहीच उगवलं नाही, असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि लाखो मुलं पहिल्यांदा वर्गात आली. झांबियाने २००६ मध्ये ग्रामीण दवाखान्यांतलं शुल्क काढून टाकलं. पुढे जे घडलं त्यात सरकारांची उधळपट्टी होतीच. झांबियात रस्त्यांवर आणि विमानतळांवर झालेला खर्च मी झाकणार नाही. पण २००८ नंतर श्रीमंत देशांत व्याज जवळपास शून्यावर आल्यावर चढ्या परताव्याच्या शोधात निघालेला पैसा याच देशांच्या दारात उभा होता, हेही विसरू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माफी मिळाली तरी नियम बदलले नाहीत. कंपनी बुडाली तर दिवाळखोरीचं न्यायालय असतं. देशासाठी तसं काहीच नाही. नाणेनिधीच्या तेव्हाच्या उपव्यवस्थापकीय संचालक अ‍ॅन क्रूगर यांनी २००१ मध्ये तशी यंत्रणा सुचवली होती. २००३ मध्ये अमेरिकेच्या विरोधामुळे तो प्रस्ताव बारगळला. मग प्रत्येक संकटात पहिल्यापासून पंचायत भरवावी लागते.

भ्रष्टाचाराबद्दल तुमचा संताप मलाही आहे. पण तो पूर्ण साखळीवर काढा. मोझांबिकमध्ये २०१३-१४ साली सरकारी कंपन्यांच्या नावाने सुमारे दोन अब्ज डॉलरचं कर्ज काढलं गेलं, त्याचा मोठा भाग संसदेपासून लपवून. लाच खाणारे तिथले होते. मात्र कर्ज देणाऱ्यांत क्रेडिट स्वीस ही स्वित्झर्लंडची बँक होती आणि तिच्या माजी बँकरांनीही त्यातून वाटा घेतल्याचं न्यायालयात कबूल केलं. २०२१ मध्ये त्या बँकेने अमेरिका आणि ब्रिटनच्या नियामकांना सुमारे ४७.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं आणि मोझांबिकचं २० कोटी डॉलरचं कर्ज सोडलं. लपवलेली कर्जं २०१६ मध्ये उघड झाली तेव्हा देणगीदारांनी अर्थसंकल्पाला होणारी थेट मदत थांबवली, चलन कोसळलं आणि भुर्दंड पडला तो ज्यांनी त्या कर्जाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना. भ्रष्ट पुढाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून त्याच्या प्रजेकडून वसुली करायची, हा न्याय कुठला?

इमाने हप्ते भरणाऱ्यांचं म्हणाल, तर केनियाकडे बघा. सुरुवातीला त्याने जी-२० ची सवलत नाकारली, नंतर थोडीशी घेतली, पण रोख्यांचा एकही हप्ता चुकवला नाही. जून २०२४ मध्ये परत करायच्या दोन अब्ज डॉलरच्या रोख्यांची सोय करण्यासाठी त्याच वर्षी फेब्रुवारीत दहा टक्क्यांच्या वर परतावा कबूल करून नवे रोखे काढले. मग महसूल वाढवण्यासाठी नवे कर मांडले. २५ जूनला तरुण संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी सरकारला विधेयक मागे घ्यावं लागलं. हप्ते वेळेवर भरण्याची ही किंमत आहे. केनियावरचा अन्याय झांबियाला मिळालेल्या सवलतीने झालेला नाही. वेळेवर पैसे देऊनही त्याला २०२४ मध्ये दहा टक्के मोजावे लागले, हा तो अन्याय आहे.

मदत निधीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकासमदत द्यायची, हे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. मोजकेच देश ते पाळतात. ब्रिटन पाळत होता; त्याने महासाथीच्या ऐन भरात, २०२१ मध्ये, ते ०.५ टक्क्यांवर आणलं. चालू असलेले आरोग्य कार्यक्रम मध्येच तुटले. मदत हा कर्जसवलतीला पर्याय नाही, हेही इथे सांगायला हवं. एका हाताने आलेला निधी दुसऱ्या हाताने हप्त्यात जात असेल, तर शाळा आणि दवाखाने जिथल्या तिथेच राहतात.

राहिला करदात्याचा प्रश्न. मला जे सगळ्यात आधी हवं आहे, त्यात करदात्याचा पैसा लागतच नाही. गरीब देशांचे बहुतेक आंतरराष्ट्रीय रोखे ब्रिटनच्या किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली असतात. डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या फंडाने झांबियाला लंडनच्या न्यायालयात खेचलं आणि २००७ मध्ये निकाल लागला. झांबियाने कधीकाळी रोमानियाकडून उधारीवर घेतलेल्या ट्रॅक्टरांचं कर्ज या फंडाने सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं होतं. मागणी केली साडेपाच कोटींची, पदरात पडले दीड कोटीहून अधिक. त्यानंतर २०१० मध्ये ब्रिटनने कायदा केला: जुन्या कर्जमाफी योजनेत ठरली तेवढीच सूट खासगी धनकोलाही द्यावी लागेल, त्याहून जास्त वसुली ब्रिटिश न्यायालयातून होणार नाही. हा कायदा फक्त त्या जुन्या योजनेतल्या कर्जांना लागू आहे. तो ‘कॉमन फ्रेमवर्क’मधल्या पुनर्रचनांना लागू करावा आणि न्यूयॉर्कनेही तसाच करावा, ही माझी मागणी आहे. जोडीला, नव्या प्रत्येक रोख्यात संकट आलं की हप्ते आपोआप थांबतील असं कलम असावं. ग्रेनेडाने आपल्या रोख्यात चक्रीवादळाचं कलम घालून घेतलं होतं. २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर त्याने ते वापरलं आणि कुणाच्या दारात न जाता हप्ते लांबवले. बार्बाडोसने २०२२ मध्ये महासाथीचंही कलम घातलं. या दोन गोष्टींना तुमचा विरोध असेल तर तो नेमका कशाला, हे कळवा; त्यावर पुढे बोलू.