छप्पर कोणाच्या नावावर?

गोव्यातल्या फोंड्याच्या तिस्कावर आमचा कट्टा जमतो. परवा तिथे वाद पेटला तो छपरावरच्या सोलरवरून. नितीन सोलर बसवण्याची कामं घेतो, सुलक्षा कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, रोहिदास वकील, आणि गजाननबाब वीजखात्यातून निवृत्त झालेले. बोलणं मोलाचं वाटलं म्हणून इथे लिहून ठेवतो.

नितीनचं म्हणणं सरळ होतं. "पॅनल तयार आहेत, पैसेही आहेत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत छपरावरच्या सोलरला एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा त्यावर 78 हजार रुपये अनुदान. अर्ज पोर्टलवर. यात समाजशास्त्राचं काय काम? लोकांना नीट समजावून सांगितलं की झालं."

"समजावून सांगायलाच बोलावतात ना आम्हाला!" सुलक्षा उसळली. "योजना इंजिनिअर आणि अर्थखातं मिळून आखणार, लोक पुढे आले नाहीत की आम्हाला सांगणार, जनजागृती करा. अर्जाचा नमुना ठरतो तेव्हा आम्हाला कोणी विचारत नाही. घोडं तिथेच पेंड खातं."

रोहिदासने ते घोडं नेमकं दाखवलं. अर्ज करायचा वीजबिलावरच्या नावाने. गोव्यातल्या कितीतरी जुन्या घरांचं बिल आजही आजोबांच्या नावावर येतं, आणि आजोबा कधीच वारलेले असतात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारस ठरवून मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया, झालेली नसते. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, आणि मुलग्यांइतकाच मुलींचाही वाटा. पाच भावंडं म्हटली की त्यांचे जोडीदार धरून दहा जणांच्या सह्या. त्यातला एक लिस्बनला, दोघं इंग्लंडात, एक आखातात.

"आता घरात राहते कोण? थोरली बहीण," सुलक्षाने धागा उचलला. "तिने पदरचे लाख-सव्वा लाख घालून पॅनल बसवायचे. ते चालणार पंचवीस वर्षं. उद्या वाटणी झाली आणि ते छप्पर भावाच्या वाट्याला गेलं तर? ती नको म्हणते ते माहिती नाही म्हणून नव्हे. तिचा हिशेब पक्का आहे. तुमच्या पत्रकाने तो बदलणार नाही. बदलेल तो एका कागदाने: वाटणी झाली तर पॅनलची उरलेली किंमत कशी धरायची, याचा सहवारसांमधला साधा करार."

मला हा मुद्दा सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला अज्ञान म्हणून नोंदवलं जातं ते पुष्कळदा शहाणपण असतं, आणि ते ओळखायला माणसांच्या नात्यांचा, वारशाचा, कायद्याच्या इतिहासाचा अभ्यास लागतो.

नितीन गप्प बसणारा नव्हे. "नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या घरांत खरी अडचण छपराची असते, बाई. तीन किलोवॅट म्हणजे साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल, एकेकाचं वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास, जागा सुमारे तीनशे चौरस फूट. हुक नळ्याला लावून चालत नाही, वाशाला धरावा लागतो. वासे वाळवीने पोकळ असले की जूनमध्ये घर गळतं. खाऱ्या वाऱ्याला साधं लोखंड टिकत नाही, स्टेनलेसचेच नटबोल्ट लागतात. वर शेजाऱ्याच्या माडाची सावली. एका पॅनलवर झावळीची सावली पडली तर त्या ओळीतल्या सगळ्यांची वीज घसरते."

"माड कोणाचा?" सुलक्षाने विचारलं. "भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा. घर मुंडकाराचं, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं. झावळी छाटायची परवानगी मागणं म्हणजे काय, हे वाड्यावर विचारून ये. 2016 मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून माड काढला तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? सावली मोजायचं यंत्र तुझ्याकडे आहे, हे मोजायचं नाही."

गजाननबाब इतका वेळ ऐकत होते. त्यांनी दिवस-रात्रीच्या दराचा विषय काढला. केंद्राच्या 2023 च्या नियमांत स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी दिवसा सूर्याच्या तासांत वीज निदान वीस टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग, अशी रचना आहे. "कागदावर उत्तम. पण वापर दिवसा सरकवणार कोण? जो दुपारी घरी असतो तो. पंप, वॉशिंग मशीन, गीझर सरकवता येतात. मासळी विकून सातला घरी पोचणाऱ्या बाईने मिक्सर कधी लावायचा? दर ठरवताना भाराचा आलेख असतो समोर, त्या आलेखातली बाई दिसत नाही."

"मग मोठे सोलर पार्क करा, घरोघरचं झंझटच नको," नितीन.

सुलक्षाने शेजारच्या कर्नाटकातलं पावगड काढलं. 2,050 मेगावॅट, सुमारे 13 हजार एकर. जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला 21 हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. दुष्काळी भागात जमीनमालकाला हे परवडलं. "पण त्याच रानात मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला भाडं कोण देणार? त्याचं कामही गेलं आणि गुरांचं चराऊ रानही. जमिनीच्या कागदावर नाव नसलेला माणूस हिशेबात यायचा तर कोणीतरी आधी गावात जाऊन बसायला हवं." मग तिने एक आकडा सांगितला. इंद्रा ओव्हरलँड आणि बेंजामिन सोवाकूल यांनी 2020 मध्ये मांडलेल्या हिशेबात, 1990 ते 2018 या काळातल्या एकूण संशोधन-निधीपैकी हवामानबदल रोखण्याच्या सामाजिक अंगावर खर्च झाला 0.12 टक्का.

नितीनने शेवटी बरोबर प्रश्न टाकला. "तुमचा अभ्यास दोन वर्षं चालतो. तोवर मी थांबू?"

"तीन आठवडे दे," सुलक्षा म्हणाली. "एक गाव, साठ घरं. बंद घरं, म्हातारं माणूस एकटं असलेली आणि भरलेली, तिन्ही प्रकारची निवडायची. सकाळी अकराला गेलास तर फक्त म्हातारी माणसं भेटतात, म्हणून संध्याकाळी आणि रविवारी जायचं. सोलर लावणार का, हे विचारायचंच नाही. सगळे हो म्हणतात, पाहुण्याला नाही कोण म्हणेल? विचारायचं असं: मागच्या वेळी नळे बदलले तेव्हा पैसे कोणी दिले? कोणाला फोन करावा लागला? बिल कोण भरतं? चवथीला घरात किती माणसं असतात? नळ्यांच्या खर्चावरून भांडण झालं असेल तर पॅनलवरूनही होणार."

हे नितीनला पटलं, पण त्याची अट होती: अहवालात प्रत्येक अडचणीपुढे घरांची संख्या हवी आणि अर्जात नेमका कुठला रकाना बदलायचा ते हवं. सुलक्षाने ती मान्य केली. सहवारसांच्या कराराचा मसुदा दोन पानांत बसवायचं रोहिदासने कबूल केलं. परदेशातल्या वारसाची संमती दूतावासातून साक्षांकित होऊन यायची, की व्हिडिओवरची चालवून घ्यायची, यावर गजाननबाबांशी त्याचं जुळलं नाही. आणि मुंडकार म्हणून अजून नोंदच न झालेल्या घरांना कुठला कागद चालेल, याचं उत्तर चौघांपैकी कोणाकडेच नव्हतं. तो प्रश्न यादीत पहिला लिहिला आहे.