टायटॅनियमचा आरसा कुणी पाहिलाय?

उन्हाळा लागला की एक मजकूर ठरल्यासारखा फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचं ‘मिनरल’ सनस्क्रीन त्वचेवर आरशासारखं बसतं आणि अतिनील किरण परतवून लावतं. ‘केमिकल’ सनस्क्रीन मात्र ते शोषतं, त्यांची उष्णता करतं, त्यानं त्वचा भाजते. म्हणून चेहऱ्यावर थर जितका पांढरा, तितकं संरक्षण जास्त.

आधी आरशाचं बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. पुडींचं परावर्तन मोजायचं काम मी बरीच वर्षं केलंय. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे कुठल्या लांबीच्या लहरी किती परततात ते मोजणाऱ्या यंत्रात, बेरियम सल्फेटचं परावर्तन ‘शंभर टक्के’ धरायचं, मग टायटॅनियम डायऑक्साइड ठेवायचं. ८०० नॅनोमीटर लहरलांबीपासून खाली येताना परावर्तनाची रेघ नव्वदीच्या आसपास सपाट चालते. ४२० च्या जवळ आली की कड्यावरून ढकलल्यासारखी कोसळते आणि ३५० ला दहा टक्क्यांच्या आसपास पडून राहते. नवा विद्यार्थी हमखास विचारतो, ‘सर, पूड तर पांढरीशुभ्र आहे, मग ग्राफ का पडला?’ अरे, पांढरी कुणी ठरवली? तुझ्या डोळ्यानं. त्याला ४०० च्या खालचं, म्हणजे अतिनील, दिसतंय कुठं? अतिनील कॅमेऱ्यातून पाहिलं तर हीच क्रीम चेहऱ्यावर काजळ फासल्यासारखी दिसते. जुनी चित्रं तपासणारे लोकही हा गुण वापरतात: अतिनील फोटोत शिशाचा पांढरा उजळ येतो, टायटॅनियमचा आणि जस्ताचा काळवंडतो.

रेघ तिथंच का कोसळते, याचं गणित सोपं आहे. या पदार्थातला इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात उचलायला ठरावीक ऊर्जा लागते. रुटाइल आणि अनाटेज ही त्याची दोन स्फटिकरूपं: रुटाइलमध्ये साधारण ३.० इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक), अनाटेजमध्ये ३.२. ऊर्जेवरून लहरलांबी काढायला १२४० ला या आकड्यांनी भागा: ४१३ आणि ३८८ नॅनोमीटर. त्याहून आखूड लहरींच्या प्रकाशकणाकडे इलेक्ट्रॉन उचलण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून तो गिळला जातो.

आणि खरंच आरसा असता, तर १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांना टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करता आलं नसतं. प्रकाश आत शिरला, म्हणून इलेक्ट्रॉन सुटले. सनस्क्रीनमध्ये हाच गुण नडतो. उचललेले काही इलेक्ट्रॉन कणाच्या पृष्ठभागावर पोचले तर तिथं पाणी आणि ऑक्सिजनपासून नको ते आक्रमक रेणू तयार होतात. म्हणून उत्पादक कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं कवच चढवतात, शक्यतो कमी चळवळं रुटाइल निवडतात. नुसत्या आरशाला कवच कशाला लागलं असतं?

परावर्तन शून्य आहे असं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात सनस्क्रीनमधल्या या दोन ऑक्साइडांचं अतिनील परावर्तन मोजलं, ते सरासरी चार-पाच टक्के भरलं. तेवढ्याच्या जोरावर एसपीएफ २ (म्हणजे निम्मे किरण अडवणं) सुद्धा गाठता येत नाही. कणांवर प्रकाश विखुरतो हेही खरं, पण त्यामुळे किरणाची थरातली वाट लांबते आणि तो शोषला जायची शक्यता वाढते. म्हणजे विखुरणंही बरंचसं शोषणाच्याच मदतीला येतं.

उष्णतेचा मुद्दा दोन ओळींत संपतो. शोषलेल्या अतिनीलाची उष्णता दोन्ही प्रकारांत होते, आणि सनस्क्रीन नसेल तर त्वचा स्वतः ते शोषून तापतेच. शिवाय जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलाचा वाटा जेमतेम पाच टक्के. उन्हात जीव नकोसा होतो तो उरलेल्या पंचाण्णवानं.

पांढऱ्या थराचं मात्र उलटंच आहे. भिंतीच्या रंगात कण दोन-तीनशे नॅनोमीटरचे ठेवतात, कारण त्या आकाराला दृश्य प्रकाश सर्वात जास्त विखुरतो. सनस्क्रीनमधले बारीक कण त्याच्या काही पटींनी लहान असतात, म्हणून ते पांढरे दिसत नाहीत, आणि अतिनील तरीही शोषतात. चेहरा चुना लावल्यासारखा दिसतोय म्हणजे दृश्य प्रकाश परत येतोय, एवढंच कळतं. (‘केमिकल’ हा शब्द तर सोडूनच द्या. टायटॅनियम डायऑक्साइड हे रसायन नाही तर काय लोणचं आहे?)

मिनरल सनस्क्रीन वापरू नका, असं यातून कुणी काढू नये. संवेदनशील त्वचेला ते बऱ्याचदा जास्त मानवतं. पण ‘आरसा आहे, मग सगळंच अडवणार’ या समजुतीत एक उणीव झाकली जाते. बारीक टायटॅनियम डायऑक्साइड ३४० नॅनोमीटरपर्यंत जोरात काम करतं, तिथून ४०० कडे जाताना ढिलं पडत जातं. झिंक ऑक्साइडची रेघ ३७० च्या आसपासपर्यंत बरीच सपाट टिकते. तेव्हा ट्यूब उलटी करून घटकांच्या यादीत एकटं टायटॅनियमच दिसलं, तर यूव्हीए (४०० कडचे, लांब लहरींचे अतिनील किरण) संरक्षणाचा वेगळा शिक्का आहे का ते बघा.