‘खोली कशीही असो, सामान भारी घ्या’: होम थिएटरच्या एका सल्ल्याला उत्तर

घरात थिएटर करायचं ठरलं की कुणीतरी हा संदेश पाठवतंच. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: ‘खोली कशीही असली तरी चालते. अँप्लिफायर जास्तीत जास्त वॉटचा घ्या. स्पीकर जितके जास्त तितकं चांगलं. सबवूफर कोपऱ्यात ठेवून द्या, त्याची दिशा कळतच नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, आवाज बाहेर जात नाही. एचडीएमआय केबल महागातलीच घ्या आणि टीव्ही 8केच घ्या.’

लोक वर्षानुवर्षं पैसे साठवून ही हौस करतात. म्हणून या संदेशाचा मला मनापासून राग येतो. यातल्या एकेक मुद्द्याला उत्तर देतो. सबवूफरपासून, म्हणजे फक्त खर्जाचा आवाज काढणाऱ्या स्पीकरपासून, सुरुवात करतो, कारण ‘खोली कशीही चालते’ हा मूळ दावा तिथेच सगळ्यात आधी कोसळतो.

‘सबवूफर कोपऱ्यात ठेवा, दिशा कळत नाही’

अर्धं खरं आहे. साधारण 80 हर्ट्झच्या (सेकंदाला 80 कंपनांच्या) खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही. पण दिशा कळत नाही म्हणून जागेने फरक पडत नाही, असं होत नाही.

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. खोली 5 मीटर लांब असेल तर 34 हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये नेमकी अडकते. भिंतीलगत तो सूर फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. रुंदी आणि उंचीचे असेच आपापले सूर असतात. तिन्ही मापं सारखी असतील तर ते एकमेकांवर चढतात, म्हणून चौकोनी डब्यासारखी खोली सगळ्यात त्रासदायक. कोपऱ्यातला सबवूफर हे सगळे सूर एकदम जागे करतो. आवाज मोठा वाटतो खरा, पण काही सूर घुमत राहतात आणि काही ऐकूच येत नाहीत.

माझ्या पहिल्या खोलीत सोफा बरोबर मध्यावर होता. स्फोटाचे प्रसंग पोकळ वाटायचे, आणि पाणी आणायला उठून भिंतीपाशी गेलं की तोच आवाज छातीत घुमायचा. मी सबवूफर बदलायला निघालो होतो. शेवटी सोफा पाऊण मीटर मागे घेतला आणि खर्च वाचला.

तुम्हीही हे घरी करून बघा. सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खर्जाचा एखादा ठेका सतत वाजवा आणि भिंतींच्या कडेने रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे आणि स्पष्ट लागतील, तिथे सबवूफर ठेवा. ध्वनीची वाट दोन्ही बाजूंनी सारखीच असते, म्हणून ही युक्ती चालते.

एकापेक्षा जास्त जणांना बसायचं असेल तर एका दांडग्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम बरे. हर्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये आयताकृती खोल्यांचा हिशेब मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले तर वेगवेगळ्या खुर्च्यांवरचा खर्जाचा फरक बराच कमी होतो, असं त्यातून दिसलं. रिसीव्हरसोबत (सगळे स्पीकर चालवणाऱ्या उपकरणासोबत) येणाऱ्या माइकने आपोआप होणारी जुळवणी फुगलेले सूर दाबू शकते. जिथे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात तो खड्डा मात्र तिला भरता येत नाही. त्याला जागाच बदलावी लागते.

‘जास्त वॉट, जास्त आवाज’

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. आणि 87 डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो त्या मापाच्या) स्पीकरऐवजी 90 चा घेतला, तर अँप्लिफायर दुप्पट केल्याचाच फायदा मिळतो. खोक्यावरचा आकडा कसा मोजलाय तेही बघा. ‘एक चॅनेल, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के विकृती’ असं बारीक अक्षरात लिहिलं असेल, तर सगळे स्पीकर एकदम वाजताना तेवढी ताकद मिळणार नाही.

‘स्पीकर जितके जास्त तितकं चांगलं’

सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तरीही सर्वात हलका स्पीकर तिथे बसवला जातो, तोही कपाटाच्या बंद कप्प्यात, गुडघ्यांच्या दिशेने तोंड करून. मग ‘बोललेलं कळत नाही’ म्हणून आवाज वाढवायचा आणि पुढच्याच प्रसंगात दचकायचं. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, किंचित वर कलवून कानांकडे वळवा. सात किंवा नऊ स्पीकरांचा विचार नंतर करा.

पाच स्पीकरांची जागा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस 775 या शिफारशीत दिलेली आहे: पुढचे दोन मध्यापासून 30 अंशांवर, बाजूचे 100 ते 120 अंशांवर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर 7.1 मधल्या (सात स्पीकर आणि एक सबवूफर) मागच्या जोडीला जागाच उरत नाही. ती डोक्यामागे कोंबण्यापेक्षा नीट बसवलेलं 5.1 कितीतरी सरस.

‘अंड्यांचे ट्रे लावा’

हा मुद्दा धोक्याचा आहे. पुठ्ठ्याचे ट्रे सहज पेट घेतात, आणि ते आपण तारांच्या नि गरम उपकरणांच्या शेजारी भिंतभर चिकटवायचे!

शिवाय ते आवाज अडवतही नाहीत. आवाज बाहेर जाऊ न देणं आणि खोलीतला घुमारा कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला वजन आणि बंद फटी लागतात: भरीव दार, दाराखालची पट्टी, खिडकीची घट्ट चौकट. दुसऱ्याला जाडी लागते. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, तिला ट्रेचा पातळ कागद काय करणार? तो फक्त वरचे सूर थोडेफार शोषतो आणि खोली बोदी वाटू लागते.

घुमाऱ्यासाठी सुमारे 10 सेंटिमीटर जाडीचे, कापडाने मढवलेले रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) फलक चांगले. ते कुठे लावायचे? बसायच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे पुढचा स्पीकर दिसेल, तिथे फलक. भरलेलं पुस्तकांचं कपाट, जाड गालिचा आणि जड पडदे यांनीही बरंच काम भागतं.

‘केबल महागातलीच’

एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं, नाही पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. रंग ‘खुलण्याची’ त्यात सोयच नाही. सेकंदाला 48 गिगाबिटसाठी अल्ट्रा हाय स्पीड हे प्रमाणपत्र बघा. लांबी जास्त असेल तर ऑप्टिकल (प्रकाशाने आकडे नेणारी) एचडीएमआय केबल घ्या. त्यापेक्षा लक्ष ईएआरसीकडे (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या सोयीकडे) द्या, कारण टीव्हीच्या जुन्या ऑप्टिकल जोडणीतून डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बी अॅटमॉस जातच नाही.

‘टीव्ही 8केच’

65 इंची टीव्ही 144 सेंटिमीटर रुंद असतो. सामान्य नजरेला त्यावरचे 4के चे ठिपके सुमारे 1.3 मीटरच्या आतच सुटे दिसू शकतात. सोफा त्याहून लांब असेल तर 8के चा (4के च्या चौपट ठिपक्यांचा) जादा तपशील डोळ्यापर्यंत पोचतच नाही. त्याऐवजी टेपने अंतर मोजा. पडद्याने नजरेचे 30 ते 40 अंश व्यापायला हवेत, म्हणजे या टीव्हीसाठी 2 ते 2.7 मीटर. सोफा 4 मीटरवरच राहणार असेल तर 100 इंची पडदा लागेल.

आणि तो पडदा प्रोजेक्टरचा असेल तर आधी भिंतींकडे बघा. पडद्यावरचा उजेड पांढऱ्या छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आपटून परत पडद्यावरच येतो, आणि काळ्या रात्रीचं दृश्य राखाडी दिसतं. कितीही महाग प्रोजेक्टर घेतला तरी हा उजेड थांबत नाही. पडद्याजवळचा दीड-दोन मीटरचा पट्टा गडद, चमक नसलेल्या रंगाने रंगवा आणि तेच दृश्य पुन्हा लावून बघा.