कॉम्प्युटरच्या मते काका अजून नोकरीत आहेत

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. "कोणाकडे चालू कॉम्प्युटर व प्रिंटर असल्यास कळवावे. बी विंगमधल्या कॉम्प्युटरवर जाऊन वेळ घालवू नये." खाली अंगठ्यांची रांग, त्यात एक अंगठा आमच्या हिचा. बी विंगमध्ये डेस्कटॉप उरलाय एकच, तो माझ्या हॉलमध्ये आहे, त्यामुळे नाव घ्यायची गरजच नव्हती. कहर म्हणजे मेसेज टाकणारे वरच्या मजल्यावरचे काका तेव्हा माझ्याच खुर्चीवर बसून, माझाच चहा पीत, माझ्याच वायफायवरून तो टाइप करत होते. मी आत चष्मा आणायला गेलो होतो तेवढ्यात.

मशीन जुनं आहे, ते मी कधी लपवलं नाही. इंटेलचा जी३१ मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर२ रॅमच्या दोन पट्ट्या. मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, विंडोज १० टाकलं आणि तेव्हापासून एक्सेल, मेल, लाइट बिलाच्या प्रिंटा, सगळं बिनबोभाट चालू होतं. मेली ती फक्त बॅटरी. मदरबोर्डवर कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, सीआर२०३२. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर, व्होल्ट ३. वायर काढली तरी घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, सेटिंग लक्षात ठेवायच्या, एवढंच तिचं काम. ती गेली की लाइट जाऊन आल्यावर कॉम्प्युटरला स्वतःच्या जन्मानंतरचं काही आठवत नाही. माझ्याकडे सकाळी लाइट गेली आणि हा उठला तो १ जानेवारी २००९ला. वर काळ्या स्क्रीनवर लिहून मोकळा, की पुढे जायचं तर एफ१ दाबा. दाबतो ना, पण सेटिंग पुसल्यामुळे बायोसमध्ये यूएसबी कीबोर्डच चालेना! म्हणजे ज्या कीबोर्डवर एफ१ आहे तो याला दिसत नाही आणि एफ१ मात्र पाहिजेच. शेवटी माळ्यावरून गोल पिनेचा जुना कीबोर्ड काढला, मागच्या जांभळ्या पोर्टात घातला, परत बंद-चालू केलं (चालू मशीनला लावला तर तो ओळखला जात नाही), तेव्हा विंडोज दिसलं.

या मुहूर्तावर काका आले. नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचा महिना. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहायला लागायचं, २०१४ला जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला आला, आता तर मोबाइलला चेहरा दाखवला की काम होतं. काकांच्या सुनेनं ते आदल्या दिवशीच करून दिलं होतं, झाल्याचा मेसेजसुद्धा आला होता. पण कागद हातात पडल्याशिवाय काका स्वतःला हयात मानायला तयार नव्हते. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस, आवक-जावकचा शिक्का नसेल तर पाऊस पडला हेही मान्य करणार नाही.

साइट उघडायला घेतली तर ब्राउझरनं लाल त्रिकोण दाखवला. युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "प्रायव्हेट नाहीच ती. सरकारी आहे. पुढे जा."

"तसं नाही काका. कॉम्प्युटरची तारीख चुकलीये. प्रत्येक साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं. याला वाटतंय २००९ साल चालू आहे, त्यामुळे ते सर्टिफिकेट याच्या लेखी अजून निघालेलंच नाही."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावून खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचली आणि सावकाश मागे टेकले.

"म्हणजे मी सर्व्हिसमध्ये आहे."

"काय?"

"मी रिटायर झालो ३१ मे २०१२ला. याच्या हिशेबानं मला अजून तीन वर्षं पाच महिने आहेत."

"हो, पण ते..."

"मग याच्यावरून दाखला निघायचाच नाही! चालू नोकरीतल्या माणसाला हयातीचा दाखला कशाला लागतो? तो रोज मस्टरवर सही करतो, तोच त्याचा दाखला."

यावर मी गप्प बसलो, कारण खरं सांगायचं तर माझ्या सर्टिफिकेटच्या लेक्चरपेक्षा हे जास्त पटण्यासारखं होतं.

"आणि सहावा वेतन आयोग?"

"त्याचं काय आता?"

"केंद्राला २००८लाच मिळाला होता. आपल्याकडे नियम निघाले एप्रिल २००९मध्ये. म्हणजे अजून निघायचेत. अरिअर्स सगळा यायचाय." काकांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता पेढे मागवतील. मग एकदम काहीतरी आठवून, "सोनं काय भाव होतं रे तेव्हा?"

"१५ हजारांच्या आतच असेल तोळा."

"१५च्या आत!" काकांनी वर छताकडे बघितलं, म्हणजे त्यांच्या घराकडे, आणि आवाज खाली आणला. "ही तेव्हा म्हणत होती चार तोळे घेऊन ठेवू. मी म्हटलं थांब, उतरेल."

दोन मिनिटं आम्ही दोघंही गप्प. मी तेवढ्यात तारीख हातानं बदलली. घड्याळ थोडंफार मागेपुढे असलं तर विंडोज इंटरनेटवरून आपलं आपण जुळवून घेतं, पण फरक वर्षांचा झाला की तेही हात वर करतं. तारीख बदलल्याबरोबर त्रिकोण गेला, साइट उघडायला लागली, जरा वेळ घेत होती पण उघडत होती. ओटीपीचे आकडे दिसेनात म्हणून मी चष्मा आणायला आत गेलो. तिथे मोबाइल वाजला, तो वर सांगितलेला मेसेज वाचला, तणतणत बाहेर आलो तर स्क्रीन काळी ठिक्कर.

"काय झालं?"

"गोल फिरत होतं नुसतं. अडकलं असणार. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून चालू केलं. आमच्या ऑफिसात असंच करायचे."

बोर्डाचं बटण! म्हणजे परत १ जानेवारी २००९, परत एफ१, परत काका सर्व्हिसमध्ये. यूपीएस तुमच्याकडे नाही का, असंही त्यांनी वर विचारलं. मला तेव्हा जे बोलावंसं वाटलं ते वयाचा मान ठेवून गिळलं, पण अजून ते घशात आहे.

म्हटलं आता बॅटरीच बदलू. काकांनी उदार मनानं टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल देऊ केले. ते नाकारून खालच्या घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ आणली आणि कॅबिनेट उघडलं. आत काय सांगू, फॅनच्या पात्यांवर धुळीचा राखाडी नमदा, हीटसिंकच्या फटीत एक वाळलेलं झुरळ पाय वर करून आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीला कोळिष्टकं. बॅटरी बसवताना रॅमच्या पट्टीला हात लागला असावा, कारण चालू केल्यावर स्क्रीनवर काहीच नाही, नुसती लांब बीप, थांबून परत बीप, थांबून परत. बोर्डाला रॅम लागत नसेल तर तो असा बोंबलतो. याला अख्ख्या भारतात एकच औषध आहे. पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासायचे, भुगा झटकायचा आणि दोन्ही बाजूचे क्लिप टक्कन वाजेपर्यंत दाबून बसवायचं. दातांवर चढलेली काजळी निघते, संपर्क परत जुळतो, यात जादू काही नाही. काका वर जाऊन नातीच्या कंपासमधला खोडरबर घेऊन आले, तो स्ट्रॉबेरीच्या वासाचा निघाला. त्यामुळे माझ्या रॅमला अजून स्ट्रॉबेरीचा वास येतोय. पण चालली!

मध्ये एका क्षणी बीप थांबेना म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला होता. त्यानं अर्धं वाक्यसुद्धा ऐकून घेतलं नाही. "सर, अजून तेच वापरताय? भंगारात टाका, नवीन घ्या." हे हल्ली सगळेच म्हणतात आणि मला मनापासून राग येतो तो याचा. अरे, बिघडलंय काय? पन्नास रुपयांच्या आतली एक बॅटरी. मशीन धडधाकट आहे, म्हातारं झालंय ते कागदोपत्री. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ घ्यायला गेलं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. कोणी म्हणेल जुगाड करून टाकता येतं. टाकता यायचं, पण २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपसीएनटी नावाची एक आज्ञा यावी लागते, ती कोअर टू ड्युओला येत नाही, त्यामुळे मशीन बूटच होत नाही. एका आज्ञेपायी बाकी सगळं शिकलेला माणूस घरी बसवायचा आणि वर पर्यावरण वाचवा म्हणून मेल पाठवायचे.

ड्रायव्हरचं तर विचारूच नका. विंडोज नवीन टाकलं की लॅनचा, म्हणजे नेटची केबल लागते त्या भागाचा, ड्रायव्हर नसतो, तो असतो इंटरनेटवर आणि इंटरनेट असतं लॅनमध्ये. मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला मिळतं, त्याला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, हे कोणी आधी सांगत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह घेऊन बसलेले अननोन डिव्हाइस, त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघायचा, व्हेनच्या पुढे १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, आणि मग त्या कंपनीच्या साइटवर शोधायचं. आणि ड्रायव्हर अपडेटर म्हणून जे फुकट सॉफ्टवेअर समोर येतं ते अजिबात घ्यायचं नाही. ते चाळीस ड्रायव्हर जुने झालेत म्हणून सांगतं आणि पैसे मागतं.

असो. बॅटरी बसली, तारीख टिकली, एफ१ गेला, दाखल्याची पीडीएफ डाउनलोड झाली. त्यावर काकांचा फोटो, डोळे अर्धे मिटलेले. मी प्रिंट दिली. प्रिंटर ढिम्म. मी वायर बघायला टेबलाखाली वाकलो आणि काकांनी माऊस हातात घेतला.

प्रिंटरचं कारण नंतर कळलं, कॅबिनेट परत लावताना यूएसबीची वायर दुसऱ्या भोकात गेली होती, विंडोजला वाटलं नवीनच प्रिंटर आला, त्यानं त्याच नावाचा कॉपी १ म्हणून दुसरा बनवला आणि माझं काम मात्र जुन्याच्या रांगेत जाऊन बसलं, जो आता ऑफलाइन. काढू म्हटलं तर कामं डिलीट होईनात, डिलिटिंग डिलिटिंग म्हणत तशीच उभी. अशा वेळी सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंटची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवायचा, सिस्टम३२मधल्या स्पूलच्या फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं ते रिकामं करायचं आणि स्पूलर परत चालू करायचा. मी ते करायच्या बेतात होतो. पण काकांचा धीर सुटला होता, त्यांनी "ढिली असेल" म्हणत वायर उपटली आणि समोर दिसलेल्या भोकात खुपसली. ते नेमकं जुनं भोक होतं.

प्रिंटरनं घसा साफ केला आणि सुरू झाला. एक दाखला आला. दुसरा आला. तिसरा आला. मी टेबलाखाली असताना काकांनी प्रिंटचं बटण किती वेळा दाबलं होतं ते त्यांनाही सांगता येईना. काका हयात, काका हयात, काका हयात, ट्रे भरला, कागद जमिनीवर यायला लागले, टोनर फिका पडत गेला आणि शेवटच्या प्रतीत तर काका जेमतेम दिसत होते.

"हे बघ, चालतोय की!" काका म्हणाले, जणू इतका वेळ मीच अडवून धरला होता. पहिली प्रत त्यांनी घडी न घालता प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवली, टेबलावर पाचचं नाणं ठेवलं, बाकीचे सगळे गोळा करून टेबलावर ठोकून सारखे केले.

"हे राहू देत काका, मी फाडून टाकतो."

"फाडतोस काय! पाठकोरे आहेत. वाण्याच्या याद्यांना होतील."

ग्रुपवरचा मेसेज काढा म्हटलं, तर म्हणाले तो आता जावकला लागला, परत घ्यायचा नसतो.