आवाज खाली ठेवा ना प्लीज

नऊ वर्षं झाली मेडिकलच्या काउंटरवर उभी राहतेय, आणि परवा जे झालं ते अजून मनातून जात नाहीये म्हणून लिहितेय. एक काका आले, गर्दी होती, त्यांचा नंबर आला की मागच्याला म्हणायचे "तुमचं घ्या आधी", असं तीनदा झालं. मला लगेच कळलं. मी त्यांना कडेला बोलावलं तर हळूच म्हणाले, बायकोसाठी मोठ्यांचे डायपर हवेत. तेवढ्यात आमचा नवीन मुलगा आतून ओरडला, "ताई, अ‍ॅडल्ट डायपर लार्ज देऊ का मीडियम?" काका "येतो नंतर" म्हणाले आणि गेले.

मुलगा वाईट नाही हो, आणि प्रश्नही बरोबरच होता. हे डायपर वजनावर नाही, कमरेच्या मापावर घेतात, माप चुकलं की गळतात आणि मग रात्रभर हाल. पण पाकिटावर माप छापलेलं असतंच ना, ते समोर ठेवून बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं, तोंड उघडायचीही गरज नव्हती.

इमर्जन्सी गोळीचं, म्हणजे संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात तिचं, तर अजून अवघड. नेहमीची जी आहे ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी चांगली, त्यात एखादी मुलगी आपल्या नजरेला घाबरून परत गेली तर तिचे तास जातात, आपलं काय जातं? फिट्सच्या, टीबीच्या काही गोळ्या चालू असतील तर या गोळीचा परिणाम कमी होतो, त्यामुळे विचारावं लागतं, विचाराच, पण तेवढंच विचारा. कोणासाठी, कशी काय, हे आपलं काम नाही.

आणि उगाच कुजबुजूही नका, त्यानेही समोरचा कानकोंडा होतो. खोकल्याचं औषध देताना जो चेहरा असतो तोच ठेवा, तीच पिशवी, तोच वेग. काहीजण पाकीट उलटं करून बारकोड वर ठेवतात, तसंच स्कॅन करा, सुलटं करून नाव वाचत बसू नका. पुढच्या वेळी "नेहमीचंच ना?" असं सगळ्यांदेखत नको, आणि रस्त्यात भेटले तर "आता बरंय का" तर अजिबातच नको.

मुलाला नीट समजावलंय, त्यालाही वाईट वाटलं. काका मात्र परत आले नाहीत. दुसरीकडून घेतले असतील, पण माप बरोबर मिळालं का, तेवढंच सारखं डोक्यात येतंय.