हुशार आहे म्हणून मारायचं?

आज खानापूरला मावशीकडे जाऊन आलो. जेवण गेलं नाही, म्हणून लिहितोय.

मळ्यात गेलो तर बांधावरच्या खांबाला मेलेला डोमकावळा उलटा टांगलेला. मावसभावानं छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेला. वर कौतुकानं सांगतो, "दादा, लई हुशार जात. हातात काठी असली तर हलत न्हाई, बंदूक दिसली की पसार. मग मोबाईलवर कावळ्यांचा कल्ला लावायचा आन् उसात दबून बसायचं. येतात की सगळे!"

येतात, कारण आपल्यातलं कुणीतरी संकटात आहे असं त्यांना वाटतं. हाकेला धावून आलेल्याला मारायचं, आणि ही म्हणे शिकार!

मी धुतल्या तांदळासारखा नाही. चौथीच्या मे महिन्यात उचगावला आजोळी होतो. चिंचेवरच्या घरट्यातून पडलेलं कावळ्याचं पिल्लू मी बेचकीनं मारलं. उगाच. दुसऱ्या दिवसापासून मला मळ्याची वाट बंद. मी दिसलो की चार-पाच गावकावळे डोक्यावर झडप घालायचे. बरोबर चालणाऱ्या थोरल्या भावाला मात्र काही नाही. शर्ट बदलून बघितला, उपयोग नाही. आजोबांच्या टॉवेलनं तोंड झाकलं, त्या दिवशी तेवढे गप्प बसले.

पुढं वाचलं की सिएटलच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर कित्येक वर्षं तो मुखवटा कुणीही घातला तरी कावळे त्याच्यावर ओरडत सुटायचे. जे कधी पकडलेच गेले नव्हते, तेसुद्धा! लोकांना नवल वाटलं असेल. मला पाठीवरून टॉवेल ओढणारी आजी आठवली. "काय केलास रे त्यांचं?" एवढंच विचारलं होतं तिनं. मी खोटं बोललो.

मक्याचे कोंब उपटतात, कोंबडीची पिल्लं नेतात, हे मान्य. शेतकऱ्याचं नुकसान होतं. पण हा पठ्ठ्या मक्यासाठी उसात बसत नाही. हुशार पाखराला फसवलं याची त्याला मजा वाटते. एखाद्याची अक्कल कळावी आणि कळली म्हणूनच त्याला संपवावंसं वाटावं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा उंदीर-वटवाघळांच्या बरोबरीनं उपद्रवी ठरवला होता. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. त्याला सांगितलं, तर हसला.

आणि म्हाळाला हाच पान घेऊन परसात उभा असतो, "काव काव" करत! कावळा आला नाही की मावशीचा जीव वरखाली. तेव्हा तो आजोबा, आणि एरवी खांबाला टांगायला?

फार चिडून बोललो त्याला. नको होतं तेवढं. मनानं वाईट नाही पोरगा, मावशीच्या आजारपणात रात्र-रात्र जागलाय. मीही चौथीत चांगलाच होतो की.

कावळा आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवला आणि बांधाशेजारी पुरला. निघताना तो मला स्टँडपर्यंत सोडायला बाहेर आला. अंगात दुसरा शर्ट, हात रिकामे. दारातल्या आंब्यावर एकदम कल्ला उठला. एक कावळा त्याच्या कानाला घासून गेला, मागोमाग दुसरा. माझ्याकडं एकानंही बघितलं नाही.

डोक्यावर हात धरून तो म्हणाला, "दादा, बंदूक तर घरातच हाय की!"