प्रशासकीय खर्च शून्य दाखवा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका

सामाजिक संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला कायम फिरत असतो: ‘निधीचा प्रस्ताव मंजूर हवा तर प्रशासकीय खर्च शून्य दाखवा, रक्कम फुगवून मागा कारण ती कापतातच, भाषा भारदस्त ठेवा आणि तोच प्रस्ताव पन्नास कंपन्यांना पाठवा.’ नव्या कार्यकर्त्यांना हे अनुभवाचे बोल वाटतात. मला यातला एकही मुद्दा पटत नाही, आणि पहिला तर संस्था बुडवणारा आहे.

शून्य खर्चाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. ‘सीएसआरमध्ये’, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चात, ‘पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. मर्यादा खरी आहे, पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण कारभारावर करायच्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च नियमातल्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. परदेशी निधीचं गणित वेगळं. एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. तरी शाळेतल्या शिक्षकांचा, दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार तिथेही प्रशासकीय खर्चात धरत नाहीत.

आमचंच सांगते. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं गावात आजीजवळ राहतात. बीड जिल्ह्यातल्या अशा मुलांसाठी आम्ही संध्याकाळचा वर्ग मांडला. अंदाजपत्रकात वह्या आल्या, खाऊ आला, सतरंज्या आल्या, शून्य खर्चाच्या नादात शिकवणाऱ्या ताई मात्र आल्या नाहीत. दोघींचे प्रत्येकी दरमहा ९,००० प्रमाणे सहा महिन्यांचे १,०८,००० रुपये ‘संस्था बघून घेईल’ असं ठरलं. तिसऱ्या महिन्यात मानधन थकलं. एक ताई कापूस वेचायला जाऊ लागली आणि मुलं सतरंजीवर बसून तिची वाट बघत राहिली. पुढच्या वर्षी मानधन, अर्धवेळ हिशेबनीस, ऑडिटची फी, ताईंचं एसटीभाडं, सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहिलं. खाली एका मुलामागे वर्षाला किती खर्च येतो आणि का, तेही मांडलं. निधी देणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, “हे गेल्या वर्षी का नव्हतं?”

रक्कम फुगवायचा सल्ला याच खोटेपणाचं दुसरं टोक आहे. पगार दाखवायचा नाही, म्हणून तो वह्यांच्या ओळीत लपवायचा. पण वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं, बिलं तपासली जातात. चाळीसची वही सत्तरला दाखवली तर ते बिल आणणार कुठून? खोट्या बिलाची पाळी प्रामाणिक माणसांवर येते ती इथे.

भाषेबद्दल फार लिहायची गरज नाही. ‘समुदायाचे सर्वांगीण शैक्षणिक सक्षमीकरण’ वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. ‘पाचवीतल्या इतक्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, मार्चपर्यंत त्यातल्या इतक्यांना येईल, तपासणी अशी करू’ हे वाचून राहतं. आकडा तुमच्या गावात जाऊन मोजलेला हवा.

राहिला पन्नास कंपन्यांचा मुद्दा. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ कंपनीला तिच्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतं. चाकणचा कारखाना आधी खेड तालुक्याकडे बघणार, हे उघड आहे. कंपनीने मंजूर केलेले प्रकल्प आणि तिचं सीएसआर धोरण तिच्या संकेतस्थळावर असतं. ते वाचलं की निम्म्या कंपन्या आपोआप यादीतून जातात. आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून सरकारकडे नोंदणी न केलेल्या संस्थेला कंपन्या सीएसआरचं काम सोपवू शकत नाहीत, मग पन्नास काय नि पाचशे काय.

दुसऱ्या वर्षी आम्ही चारच प्रस्ताव पाठवले. त्यातल्या दोन ठिकाणची माणसं संध्याकाळी गावात येऊन, सतरंजीवर मुलांशेजारी बसून वर्ग बघून गेली.